वहिनींच्या हातचा जपानी चहा

मी एकदा अस्सल जपानी चहा दुधात उकळला होता. आलं ठेचून, गवती चहाच्या पातींची गाठ मारून, साखर घालून, चांगला दणदणीत उकळला. आणि ज्या माणसानं तो जपानहून आणला होता त्यालाच प्यायला दिला. कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी.

याला पन्नास वर्षं झाली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. लग्नाला तीन महिने झाले होते आणि अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाल्यामुळे आपल्याला जगातलं सगळं कळतं अशा समजुतीत वावरत होते. आज ती मुलगी समोर आली तर तिचा तो लांबलचक शेपटा आणि त्यात खोचलेला अबोलीचा गजरा धरून मी तिला गदागदा हलवीन. चहासाठी नाही. चहा कुणाचाही चुकतो. त्यानंतर ती जे वागली त्यासाठी.

आमचं घर पार्ल्यात, स्टेशनपासून चालत आठ मिनिटांवर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यात माझे मोठे दीर, जाऊबाई, शाळेत जाणारी नणंद आणि आम्ही दोघं. सासूबाई नव्हत्या, पण त्यांची उणीव जाऊबाई भासू देत नव्हत्या. जाऊबाईंना मी 'वहिनी' म्हणत असे, अजूनही म्हणते. त्या माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या आणि आवाजानं वीस वर्षांनी.

दीर अंधेरीच्या एका कारखान्यात होते. तिथं नवीन मशीन बसवायला जपानहून एक तंत्रज्ञ आला होता. त्याला दिरांनी रविवारी घरी चहाला बोलावलं. आमच्या मजल्यावर तोवर परदेशी माणूस कुणी जवळून पाहिला नव्हता, त्यामुळे दाराबाहेर निम्मी बिल्डिंग काहीतरी विसरल्याचं निमित्त करून येऊन गेली. पाहुणा वाकून आत आला, पुन्हा वाकला आणि दोन्ही हातांनी एक छोटा पत्र्याचा डबा वहिनींना दिला. डब्यात चहा होता. हिरवा, बारीक, सुयांसारखा.

वहिनींनी डबा माझ्या हातात दिला. मी तो उघडला, वास घेतला आणि मला खरंच प्रश्न पडला. मी स्वयंपाकघराच्या दारातून हळूच विचारलं, "वहिनी, हा कसा करायचा?"

वहिनी नवी नारायणपेठ सावरत पाहुण्यासमोर बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही. म्हणाल्या, "नेहमीसारखा कर."

मी केला.

उकळी आली तेव्हा भांड्यात जो रंग उमटला तो सांगायला मला शब्द नाही. साचलेल्या तळ्याच्या काठाला असतो ना, तसा काहीसा. बाईंना तरीही शंका आली नाही. बाई म्हणजे मी, बी.ए. मी वरून अर्धा चमचा साखर आणखी घातली, म्हटलं, पाहुणा आहे.

पाहुण्यानं दोन्ही हातांत कप धरला, एक घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. दिरांनी इंग्रजीत विचारलं, "कसा आहे?" तो म्हणाला, "व्हेरी स्ट्राँग." मग बिचाऱ्यानं सगळा कप संपवला आणि खूप नम्रपणे, हातांनी खाणाखुणा करत दिरांना सांगितलं की आमच्याकडे यात फक्त पाणी घालतात. तेही उकळतं नाही.

दिरांचा चेहरा उतरला. ते आत बघून म्हणाले, "कोणी केलाय हा चहा?"

वहिनी म्हणाल्या, "धाकटीनं." आणि हसल्या.

आता यात खोटं काहीच नव्हतं. चहा मीच केला होता. पण 'नेहमीसारखा कर' हे दोन शब्द वहिनींनी गिळून टाकले आणि मी, त्या शेपट्यासकट, दारात उभी राहून ते गिळू दिले. नवी सून, मोठी जाऊ, पाहुण्यांसमोर कसं बोलायचं. मनात म्हटलं, आपण मोठेपणा दाखवला. मोठेपणा! ही माझी खरी चूक. चहाची तर काहीच नव्हे.

कारण त्या दिवसापासून वहिनींना एक गोष्ट मिळाली आणि ती त्यांनी पन्नास वर्षं सांगितली. बारशाला सांगितली, मुंजीला सांगितली, डोहाळजेवणाला तर हमखास. गोष्ट दर वर्षी वाढत गेली. आधी नुसतं दूध आणि आलं होतं. पाचसात वर्षांत वेलदोडा आला. माझा मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा त्यात जायफळ पडलं. अलीकडे अलीकडे तर मी केशर घातल्याचंही मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. त्या काळात आमच्या घरात केशराची डबी वहिनींच्या कपाटात कुलपाखाली असायची, हे ऐकणाऱ्यांपैकी कुणाला ठाऊक?

आणि पाठोपाठ हुकूम असायचा. घरात कार्य काढलं की वहिनी पदर खोचून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. "तू पानं वाढ, तू रांगोळी काढ, चहाकडे मात्र जाऊ नकोस बाई." सगळे हसायचे. मीही हसायचे. पन्नास माणसांना पुरणपोळ्या करून घालणारी मी, पण चहाच्या भांड्याजवळ मला उभं करायचे नाहीत.

एकच प्रसंग सांगते, म्हणजे माझ्या मनात काय साठलं होतं ते कळेल. माझ्या मुलीला बघायला मुलुंडचे लोक आले होते. चांगली माणसं होती, मुलगाही बरा होता. पोहे झाले, चहा आला. मुलाच्या आईनं सहज म्हटलं, "चहा छान झालाय हं." झालं. वहिनींनी खुर्ची पुढे ओढली. "चहाचं म्हणाल तर आमच्याकडे एक गंमतच झाली होती." जायफळापर्यंत सगळं सांगितलं. माणसं पोट धरधरून हसली आणि मुलाचे वडील डोळे पुसत म्हणाले, "मग मुलीला तरी येतो ना हो चहा?"

ते स्थळ जमलं नाही. चहामुळे नाही, पत्रिकेमुळे. पण मी ते चहाच्या नावावरच टाकलं आहे आणि तिथून हलवणार नाही. मुलगी पुढे चांगल्या घरी पडली. मुलुंडचा तो मुलगा नंतर अतिशय जाड झाला असं कळलं, आणि ते कळल्यावर मी त्या दिवशी श्रीखंड केलं.

मी अगदीच गप्प बसले होते असं नाही. माझ्या परीनं मी सूड घेतच होते. गणपतीत उकडीचा मोदक फुटला की तो नेमका वहिनींच्या पानात जायचा. ताक वाढताना तळाचं आंबट त्यांच्या वाटीत. त्यांच्या ब्लाउजचं माप शिंप्याला सांगताना अर्धा इंच कमी सांगितलं होतं एकदा, आणि घरातल्या एका लग्नात दिवसभर त्या हात वर करू शकल्या नव्हत्या. पण हे सगळं भुरटं काम. चोरून केलेल्या सुडाला चव नसते. समोरच्याला कळायला हवं की हे आपल्याला कुणी दिलं आणि कशासाठी दिलं. मला चारचौघांसमोर, तेही त्या दिवशी घरात असलेल्या माणसांसमोर, वहिनींच्या तोंडून ते दोन शब्द काढायचे होते. आणि त्या दिवशी घरात असलेल्यांपैकी आता उरलो होतो तिघी. मी, वहिनी आणि नणंद. वहिनी एक्याऐंशीच्या. घाई करायला हवी होती.

संधी नातीच्या बॅगेतून आली.

माझी नात, मुलाची मुलगी, अंधेरीला एका जपानी लोकांच्या ऑफिसात काम करते. तिला गेल्या वर्षी पंधरा दिवस जपानला पाठवलं होतं. परत आली ती माझ्यासाठी एक चपटं पाकीट घेऊन. म्हणाली, "आजी, चिडू नकोस. चहा आहे."

घरात सगळ्यांनी श्वास रोखला. सून म्हणाली, "अगं, आईंना कशाला चहा आणलास?" मी म्हटलं, "आण इकडे."

तिनं सांगितलं ते असं. एरवी त्यांच्याकडे हिरव्या चहाचं पान खुडलं की लगेच वाफवतात, थांबतच नाहीत, म्हणजे हिरवेपणा तसाच राहतो. पण ती ज्या डोंगरातल्या गावी गेली होती तिथला एक शेतकरी पान खुडल्यावर सावलीत पसरून ठेवतो. थोडं मलूल होऊ देतो. कडा किंचित तांबूस होऊ लागल्या की मग वाफवतो. त्यामुळे तो धड आपल्यासारखा काळा चहा होत नाही आणि धड हिरवाही राहत नाही.

"म्हणजे कोमेजू देतो," मी म्हटलं.

"हो. मुद्दाम."

मला मेथी आठवली. बाजारातून आणलेली जुडी दुपारपर्यंत निवडली नाही की मान टाकायची आणि वहिनी ती दोन बोटांत धरून घरभर मिरवायच्या. आणि इथं कोमेजलेल्या पानांसाठी माणसं विमानानं पाकिटं आणतात.

चहा करायला बसलो तर नातीनं पाणी उकळून गॅस बंद केला आणि म्हणाली, "आता निवू दे." मी म्हटलं, "आत्ता तर उकळलं!" मग तिनं ते पाणी एका फुलपात्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं ओतलं. आमच्या आजोळी तापलेलं दूध असंच निववायचे. मग पानांवर ओतून झाकण ठेवलं, एक मिनिट मोजलं आणि माझ्यापुढे वाटीभर पिवळसर पाणी ठेवलं.

पहिला घोट घेतला आणि मी तिच्याकडे बघितलं. "हे गरम पाणी आहे."

"आजी, गिळ आणि थांब जरा."

मी गिळलं आणि थांबले. कसं सांगू? चव जिभेवर नव्हतीच. गिळल्यावर, श्वास सोडताना, नाकाच्या मागच्या बाजूनं काहीतरी वर आलं. कवठी चाफा. माझ्या आजोळी विहिरीपाशी होता, त्याचं फूल रुमालात बांधून ठेवलं की दुसऱ्या दिवशी रुमालाला यायचा तो वास, फुलाचा नव्हे. त्याच्यामागे कोवळ्या काकडीच्या सालीसारखं काहीतरी थंडगार. मी दुसरा घोट घेतला. मग तिसरा. मग वाटी पुढे केली.

"आवडला?" नात म्हणाली.

"बरा आहे." एवढ्यात कशाला कबूल व्हायचं.

दुसऱ्यांदा त्याच पानांवर पाणी घातलं तर आणखी गोड. तिसऱ्यांदा घातलं तेव्हा फुलं गेली आणि नुसतं ओल्या गवतासारखं उरलं. मी भांड्यात वाकून बघितलं. सुया उलगडून अख्खी पानं झाली होती, हिरवी, आणि कडेनं खरंच विटकरी रेघ.

नात फोन बघत सहज म्हणाली, "गंमत म्हणजे, पूर्वी हा वास आला तर ते लोक चहा बाद करायचे. पानं वाफवायला उशीर झाला, हयगय केली, असं धरायचे. आता त्याच वासासाठी मुद्दाम करतात."

तिला वाटलं मी या विचारानं भारावून गेले. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच शिजत होतं.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मी चिमूटभर पानं घेतली आणि त्यांवर खळखळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवली. काडेचिराईत परवडला. जीभ तासभर वाळून गेली होती. मी पाकीट नीट बंद करून डाळीच्या डब्यामागे ठेवलं आणि त्यात एकदा करण्यापुरता चहा उरलाय याची खात्री करून घेतली.

आता वहिनींचं सांगते. आमची जुनी बिल्डिंग पाडून नवीन झाली तेव्हा दोघी जावांना एकाच इमारतीत घरं मिळाली. मी तिसऱ्या मजल्यावर, त्या अर्थातच पाचव्या. गेली काही वर्षं डॉक्टरांनी त्यांना ग्रीन टी सांगितला आहे. तेव्हापासून त्या ग्रीन टीमधल्या जाणत्या झाल्या आहेत. विजेच्या किटलीत पाणी खळखळा उकळायचं, पिशवी बुडवायची आणि दुसरं काम करून येईपर्यंत तशीच ठेवायची, ही त्यांची पद्धत. मग तो काढा नाक मुरडत प्यायचा आणि म्हणायचं, "कडू आहे म्हणूनच गुण येतो. तुला नाही कळायचं त्यातलं."

मला सगळं स्पष्ट दिसत होतं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्यांच्याच हातानं हा चहा करायला लावायचा. त्या विचारतील, कसा करायचा. मी म्हणेन, नेहमीसारखा करा. त्या त्यांच्या नेहमीसारखा करतील, चारचौघी तोंडं वाकडी करतील, आणि मग मी सावकाश विचारेन, कोणी केला हो हा चहा?

नातीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, मोठी आजी एक्याऐंशीची आहे गं!"

"म्हणून तर," मी म्हटलं. "तू फक्त गप्प बस."

चैत्रातला शुक्रवार. संध्याकाळी पाच वाजता माणसं आली. गौर झोपाळ्यात बसवली होती, कैरीची डाळ, पन्हं, कलिंगडाच्या फोडी मांडल्या होत्या. आमच्याकडे हळदीकुंकू सगळ्यांना लावतात, नवरा असो वा नसो. ही रीत घरात वहिनींनी आणली. दीर गेले त्याच वर्षी त्या स्वतः कपाळ पुढे करून उभ्या राहिल्या होत्या आणि लावणारीचा हात थरथरला तर म्हणाल्या होत्या, "नीट लाव, नाकावर सांडू नकोस." हे त्यांच्या बाजूचं आहे ते लिहून ठेवते, नाहीतर माझ्यावर विश्वास बसायचा नाही.

नणंद बोरिवलीहून आली होती. वहिनींची सून होती, बिल्डिंगमधल्या तिघीजणी होत्या. पन्हं झाल्यावर मी ते पाकीट सगळ्यांना दिसेल असं टेबलावर ठेवलं.

"हे काय गं?" वहिनींनी चष्मा वर केला.

"जपानी चहा, वहिनी. नातीनं आणलाय."

"अगं बाई! आणि तो तुझ्या घरात?" त्यांनी टाळी वाजवली आणि बिल्डिंगमधल्या तिघींकडे वळल्या. "तुम्हाला ठाऊक नसेल, आमच्याकडे एकदा काय झालं..."

मी सांगू दिलं. पूर्ण सांगू दिलं. या वेळी केशर होतंच, शिवाय पाहुण्यानं जाताना माझ्यासमोर हात जोडल्याचंही नवीन होतं. नणंद नेहमीच्या जागी हसली. वहिनींची सून म्हणाली, "आई, पुरे हो आता." मीही हसले, पन्नास वर्षांत पहिल्यांदा अगदी मनापासून.

मग मी म्हटलं, "वहिनी, म्हणून म्हणते, आज तुमच्याच हातचा होऊ द्या. आमच्यात ग्रीन टीमधलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

त्या खूश झाल्या. उठल्या, पाकीट हातात घेतलं, उघडून वास घेतला. थांबल्या. पुन्हा घेतला. आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, "हा कसा करायचा असतो गं?"

मी पदरानं कपाळ टिपलं. "नेहमीसारखा करा."

वहिनी जागच्या जागी उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे बघत होते, त्या माझ्याकडे. घरात बाकी सगळ्या कलिंगड खात होत्या. त्यांना काही कळलं नाही, पण वहिनींना कळलं. अगदी लख्ख कळलं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं. मला वाटलं, झालं, एवढ्यावरच समाधान मानावं. पण नाही. माझं मन म्हणालं, जा आत, करा तुमचा काढा.

त्या आत गेल्या. मी दाराशी उभी राहिले. मी मुद्दाम मांडून ठेवलेल्या किटलीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"दूध कुठे ठेवतेस?"

"फ्रिजमध्ये."

त्यांनी पातेलं चढवलं. अर्धं पाणी, अर्धं दूध. "आलं?"

"टोपलीत."

त्यांनी आलं किसलं. खिडकीतल्या कुंडीतून गवती चहाची पात तोडली, तिची गाठ मारली. साखरेचे चार चमचे. नातीनं मागून माझं कोपर दाबलं आणि कानात कुजबुजली, "आजी, थांबव ना तिला! शेवटचा आहे तो!"

आणि माझी वाट लागली ती इथे. थांबवू कशी? थांबवायचं तर मीच ओरडायला हवं होतं की दूध नको, उकळू नका. म्हणजे त्यांना मीच शिकवणार, आणि मांडलेला डाव मीच मोडणार. माझ्याच सापळ्यात माझाच पाय. मी दाराची चौकट धरून बघत राहिले. त्यांनी पाकीट उपडं केलं, तळ बोटानं टिचकावून शेवटचं पानसुद्धा पडू दिलं. तो कवठी चाफा, तो रुमाल, ते सगळं दुधात गेलं. उकळी वर आली आणि तोच रंग उमटला. पन्नास वर्षांनी पाहिला तरी ओळखला.

"बघ," वहिनी पातेल्यात बघत म्हणाल्या. "अगदी तस्साच."

कप भरले, ट्रे त्यांनी स्वतः उचलला. मला धरू दिला नाही. बाहेर नेऊन प्रत्येकीच्या हातात कप दिला आणि मधोमध उभ्या राहून, पंगतीत लाडू हवा का विचारावं अशा आवाजात म्हणाल्या, "हा तेव्हासारखाच झालाय. प्या. आणि ऐका. तेव्हा हिनं मला विचारलं होतं, कसा करायचा म्हणून. मला काय ठाऊक? मी म्हटलं, नेहमीसारखा कर. आलंदूध माझ्या सांगण्यावरून पडलं. केशरबिशर काही नव्हतं, ते मी मागाहून घातलं."

नणंदेचा कप हवेतच राहिला. "मोठी वहिनी! म्हणजे एवढी वर्षं तू..."

"हो, एवढी वर्षं. पी, निवतोय."

वहिनींची सून "आई!" एवढंच म्हणाली. मी तयारीत होते. आता कुणीतरी त्यांना बोलेल, कुणीतरी माझ्याकडे येऊन माझा हात धरेल. नणंदेनं एक घोट घेतला, खोकली आणि एकदम खो खो हसायला लागली. मग बिल्डिंगमधल्या तिघी. मग नातसुद्धा, माझी स्वतःची नात! त्यातली एक म्हणाली, "पण वाईट नाही हो लागत. थोडा आहे का अजून?" आणि कुणीतरी कैरीच्या डाळीत साखर किती घातली ते विचारलं.

संपलं. पन्नास वर्षं उराशी धरलेलं अर्ध्या मिनिटात चहाबरोबर वाटून टाकलं त्यांनी. मला कबुली हवी होती, ती मिळाली. शब्दन् शब्द मिळाली, साक्षीदारांसमोर मिळाली. पण मला ती त्यांच्या घशातून ओढून काढायची होती. त्यांचं तोंड पडलेलं बघायचं होतं. ही काय कबुली झाली, हळदीकुंकवाच्या हरभऱ्यांसारखी मूठ मूठ दिलेली? वर माझा चहा संपवला. मी माझा कप संपूर्ण प्यायले, कारण त्या बघत होत्या. जपानी पाहुण्याला मी किती छळलं होतं ते तेव्हा कळलं.

सगळ्या गेल्यावर वहिनींना लिफ्टपर्यंत सोडायला मी गेले. त्यांची सून पुढे चपला घालून जिन्यानंच वर गेली होती. लिफ्ट यायला वेळ होता. मी म्हटलं, "वहिनी, आज सांगितलंत तसं तेव्हाच सांगितलं असतंत तर तुमचं काय बिघडणार होतं?" माझा आवाज चढला होता. त्यांच्यासमोर तो आजवर कधी चढला नव्हता, आणि तो चढलेला ऐकून मलाच बरं वाटलं.

लिफ्ट आली. त्यांनी जाळीचं दार ओढलं, आत शिरल्या, मुठीतले हरभरे सांभाळत माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या,

"भांडायचं होतंस की गं! पहिली पाच-सहा वर्षं मी वाटच बघत होते, ही आता चारचौघांत माझं तोंड बंद करेल म्हणून. तू काही केलं नाहीस. मग मला सवयच लागली."